पायपर पीए-२८: पंपाखाली निळा डाग, बूस्ट पंप बंद केला की काटा थरथरतो. पंप बदलायचाच का?

शेपटीचाक

नमस्कार मंडळी. विमान पायपर पीए-२८, इंजिन लायकमिंग ओ-३२०, कार्ब्युरेटरवालं. परवा उतरल्यावर काउलिंगपाशी (इंजिनावरचं आवरण) पेट्रोलचा वास आला म्हणून काउल उघडलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला जो यांत्रिक फ्युएल पंप असतो त्याच्या बुडाशी निळसर डाग आहे आणि इनलेटच्या फिटिंगखाली हाताला ओल लागते. प्रत्यक्ष थेंब पडताना मात्र दिसला नाही.

दुसरी गोष्ट. टेकऑफनंतर पुरेशी उंची गाठून बूस्ट पंप (विजेवरचा मदतीचा फ्युएल पंप) बंद केला तेव्हा फ्युएल प्रेशरचा काटा जरा खाली आला आणि थरथरत राहिला. हिरव्या पट्ट्याबाहेर गेला नाही, पण पूर्वी तो असा हलत नव्हता. बूस्ट परत चालू केला की शांत. इंजिनाच्या आवाजात काही फरक नाही.

वर्कशॉपचं म्हणणं, पंपाचा पडदा फाटलाय, नवीन पंप टाका. असेलही. पण पंप काढायच्या आधी गळती नक्की कुठून होते आहे ते मला बघायचंय. विमान तोवर जमिनीवरच राहील.

पानाकारागीर

विमान उभं ठेवलंत हे सगळ्यात चांगलं केलंत. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोल आणि त्याच्या शेजारी तापलेले एक्झॉस्टचे पाइप, यात "थोडीशीच गळती" असा प्रकार नसतो. एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, फ्लॅश पॉइंट शून्याखाली कितीतरी अंश असतो, म्हणजे कुठल्याही हवामानात त्याची वाफ पेट घ्यायला तयारच असते.

आता पंपाकडे. माझा पहिला प्रश्न: पंपाच्या ड्रेन नळीतून काय येतंय? हे विचारतोय कारण पडदा फाटला आहे की नाही याचं उत्तर तिथेच मिळतं.

तुमच्या इंजिनावरच्या पंपात इंजिनाकडून एक दांडी तरफ हलवते, तरफ पडदा खालीवर ओढते आणि दोन एकमार्गी झडपांमुळे पेट्रोल एकाच दिशेला ढकललं जातं. आताच्या बहुतेक पंपांत पडदे दोन असतात, एक पेट्रोलच्या बाजूचा आणि एक इंजिन ऑइलच्या बाजूचा. मधली जागा मुद्दाम रिकामी ठेवून तिला बाहेर तोंड दिलेलं असतं. तिथूनच ड्रेन नळी निघून काउलच्या खाली जाते. पेट्रोलकडचा पडदा फाटला तर त्या नळीतून पेट्रोल येतं, ऑइलकडचा फाटला तर ऑइल येतं. दोन्ही कोरडं असेल तर पडद्याला दोष द्यायला माझ्याकडे काही आधार नाही, पंप बाहेरून कितीही ओला दिसू दे.

नळीचं टोक पांढऱ्या कापडाने पुसून बघा. आणि नळी मोकळी आहे ना ते आधी तपासा. कुंभारीण माशीला अशा बारीक नळ्या फार आवडतात. मातीने बुजलेली ड्रेन नळी कोरडी दिसणारच, आणि वाट नसलेलं पेट्रोल दुसरीकडून मार्ग काढतं, कधी थेट इंजिनात. म्हणून डिपस्टिकही काढून बघा: ऑइलची पातळी वाढली आहे का, ऑइलला पेट्रोलचा वास येतो का, ते पातळ वाटतंय का.

प्रॉपवॉश

माझं मत थोडं वेगळं आहे. पंप जुना असेल तर बदलून मोकळं व्हा. हा पंप खोलून दुरुस्त करायचा भाग नाही, सरळ बदलायचा भाग आहे. पडदे रबराचे असतात, विमान बरेच दिवस उभं राहिलं की वाळून कडक होतात. प्रेशर हलतंय आणि पंप ओला आहे, अजून काय पुरावा हवा?

पानाकारागीर

प्रॉपवॉश, पंप जुना असेल तर बदलावा हे मान्य. पण गळती न शोधता बदलायला माझी हरकत आहे. नवा पंप बसवताना इनलेट-आउटलेटच्या नळ्या सुटतात, परत आवळल्या जातात. मूळ दोष एखाद्या नळीत असेल तर या हलवाहलवीत तो काही काळ दबतो, सगळे निश्चिंत होतात आणि तो हवेत परत डोकं वर काढतो.

शिवाय या इंजिनावर पंप बसवणं वाटतं तितकं सरळ नाही. पंप हलवणारी दांडी आत सरकलेल्या स्थितीत असावी लागते. त्यासाठी इंजिन हाताने फिरवून जागेवर आणायचं, दांडी खाली घसरू नये म्हणून घट्ट ग्रीस लावायचं आणि मग पंपाची तरफ दांडीच्या योग्य बाजूला जाते आहे याची खात्री करून बोल्ट आवळायचे. तरफ चुकीच्या बाजूला अडकली तर नवा पंप पहिल्याच फेरीत मोडतो किंवा पेट्रोल ढकलतच नाही.

शेपटीचाक

बघितलं. ड्रेन नळी मोकळी आहे, बारीक तार घालून खात्री केली. टोकाशी ना पेट्रोल ना ऑइल, कापड स्वच्छ निघालं. डिपस्टिकवर पातळी जिथे असायला हवी तिथेच, वास फक्त ऑइलचा.

म्हणजे पडदा निर्दोष सुटला म्हणायचं?

पानाकारागीर

पडद्यावरचा संशय बराच कमी झाला, इतकंच म्हणेन. अजून पंपाच्या दोन जागा उरतात: शरीराचे दोन भाग जिथे स्क्रूंनी जोडलेत ती फट, आणि इनलेट-आउटलेटचे आटे. पण त्याआधी विचार करा, ओल इनलेटच्या बाजूला आहे. माझं लक्ष आता पंपाच्या अलीकडे गेलंय.

हँगरमधला

मध्येच बोलतो, कारण आमच्याकडे दोनदा पंपावर आळ आला आणि खरा दोषी निघाला कार्ब्युरेटर. त्यातली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर इंजिन बंद झाल्यावर कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि एअरबॉक्समधून ठिबकतो. इंजिन सुरू करण्याआधी पेट्रोल मारायचा प्रायमर जास्त मारला तरी तेच. इंजेक्शनवाल्या इंजिनात इनटेकच्या तळाशी एक छोटी झडप असते, गरम इंजिन सुरू करताना जास्त गेलेलं पेट्रोल ती बाहेर सोडते आणि ते तिचं कामच आहे. गॅस्कोलेटरचं (पेट्रोलमधलं पाणी-कचरा अडवणारं भांडं) गॅस्केट किंवा नीट न मिटलेला ड्रेनही बघा. जमिनीवरच्या एका थेंबावरून काही ठरवू नका, थेंब काउलमधून वाट काढत कुठेही पडतो.

निळ्या डागाबद्दलही एक. १००एलएल या निळ्या एव्हगॅसमधला रंग पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहतो. म्हणजे डाग सांगतो की इथे पेट्रोल कधीतरी येऊन वाळलं. ते आज येतंय का, आणि इथेच उगम पावलं का, यातलं काहीच तो सांगत नाही. बिनरंगी अनलेडेड एव्हगॅस वापरणाऱ्यांना तर तेवढीही खूण मिळत नाही.

उंच_आभाळ

गळतीच्या प्रतवारीबद्दल कोणी बोललं नाही. अर्ध्या तासात ओल पाऊण इंचापर्यंत पसरली तर डाग, दीड इंचापर्यंत झिरपणं, चार इंचांपर्यंत जास्त झिरपणं, आणि ठिबकायला किंवा ओघळायला लागलं तर वाहती गळती. पहिल्या तिन्ही उघड्या जागी असतील तर उड्डाणाला लगेच धोका मानत नाहीत. शेपटीचाक यांची ओल तर पहिल्याच प्रतीत बसते.

पानाकारागीर

उंच_आभाळ, आकडे बरोबर आहेत, पण ती प्रतवारी पंखातल्या इंधन टाक्यांसाठी आहे, जिथे ओल पंखाच्या उघड्या पत्र्यावर वाऱ्यात सुकते. बंद जागेतल्या गळतीला ती सवलत तिथेही नाही. इंजिनाच्या कप्प्यात दाबाखालच्या नळीतून येणारं पेट्रोल तिच्यात बसवू नका. हा गैरसमज मी लायसन असलेल्या लोकांकडूनही ऐकलाय, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

शिकाऊ_वैमानिक

सर, एक मूलभूत प्रश्न. इनलेटला गळती असेल तर इंजिन चालू असताना पेट्रोल धो धो यायला हवं ना? मग थेंब का दिसत नाही? आणि काटा बूस्ट बंद केल्यावरच का हलतो?

पानाकारागीर

या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. यावर जरा सविस्तर.

पीए-२८ चे पंख खाली असतात. टाक्या इंजिनाच्या खालच्या पातळीला, त्यामुळे पेट्रोल आपोआप वर येत नाही, ते ओढावं किंवा ढकलावं लागतं. वाटेत आधी विजेवरचा बूस्ट पंप येतो, मग इंजिनावरचा यांत्रिक पंप, मग कार्ब्युरेटर. दोन्ही पंप एकामागोमाग एक आहेत.

बूस्ट पंप बंद असताना एकटा यांत्रिक पंप ओढतो. तेव्हा टाकीपासून त्याच्या इनलेटपर्यंतच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. तिथे बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉने पाणी प्यायला गेलं की पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे येतात, तसंच. ते बुडबुडे पंपात जातात आणि काटा थरथरतो. चीर मात्र बाहेरून कोरडी.

बूस्ट चालू केला की तीच नळी दाबाखाली येते. हवा आत जायची थांबते, काटा स्थिर होतो आणि आता पेट्रोल बाहेर झिरपतं. म्हणजे काटा चांगला दिसतो तेव्हा गळती चालू असते आणि गळती थांबते तेव्हा काटा बिघडतो. ही जोडी दिसली की मी पंपाच्या अलीकडची प्रत्येक जोडणी तपासल्याशिवाय पंपाला हात लावत नाही.

पंपाच्या आतल्या एकमार्गी झडपा गळत असतील तर बूस्ट बंद केल्यावर दाब पडतो, पण बाहेर ओल दिसत नाही. पेट्रोलकडचा पडदा फाटला तर दाब पडू शकतो आणि ड्रेनमधून पेट्रोल येतं. आउटलेटची जोडणी गळत असेल तर कुठलाही एक पंप चालू असला तरी ओल येते, पण हवा आत जात नाही, म्हणून थरथर नसते. शेपटीचाक यांनी सांगितलेल्या दोन्ही खुणा एकत्र बसतात त्या फक्त ओढणाऱ्या बाजूच्या गळतीला.

उंच पंखांच्या विमानात टाकी वर असते, तिथे हे गणित बदलतं. पेट्रोल स्वतःच्या वजनानेच खाली दाबत असतं, त्यामुळे इनलेटची गळती विमान उभं असतानाही ठिबकते. अशा कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच सेस्ना १७२ मध्ये तर इंजिनावर फ्युएल पंपच नसतो.

शिकाऊ_वैमानिक

आता लख्ख कळलं. चेकलिस्टमध्ये बूस्ट बंद करून प्रेशर बघायला लावतात ते यासाठी हेही कळलं. मी आजवर फक्त काटा हिरव्यात आहे का एवढंच बघायचो.

पानाकारागीर

हिरवा पट्टा या इंजिनावर ०.५ ते ८ पीएसआय इतका रुंद आहे. काटा त्याच्या आत राहूनही बरंच काही सांगतो. रोजच्या जागेवरून हलला की कारण विचारायचं.

शेपटीचाक

मग चाचणी कशी करू? काउल काढून, बूस्ट चालू करून बघायचं एवढंच?

पानाकारागीर

तत्त्व तेवढंच, पण काळजी घेऊन, आणि परवानाधारक इंजिनिअर शेजारी उभा असताना. विमान हँगरच्या बाहेर, उघड्यावर. अर्थिंगची तार लावलेली, आग विझवायचं नळकांडं हाताशी, हीटर किंवा जुने बल्बवाले दिवे आसपास नकोत. इंजिन थंड. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद, किल्ली काढलेली, तरीही प्रॉपेलर जिवंत आहे असं समजूनच वावरायचं.

आधी सगळा भाग मिनरल स्पिरिटने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. जुना निळा डाग राहिला तर तो तुम्हाला फसवेल. मग फायरवॉलपासून (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) पंपापर्यंतच्या प्रत्येक जोडणीवर क्रॅक शोधायच्या चाचणीतली पांढरी डेव्हलपर पावडर हलकी फवारा. नसेल तर साधी टाल्कम पावडरही चालते. वाळलेल्या पांढऱ्या थरावर निळं पेट्रोल लगेच उठून दिसतं.

एक माणूस कॉकपिटमध्ये, एक इंजिनाशी. मिक्श्चर आयडल कट-ऑफला, म्हणजे इंजिनाला पेट्रोल बंद. मास्टर स्विच चालू, बूस्ट चालू. नजर वरून खाली ठेवा, कारण पेट्रोल खाली ओघळतं आणि सगळ्यात वरची ओली जागाच उगमाच्या जवळ असते. जोरात गळायला लागलं तर आधी इंजिनाशी उभ्या माणसाने मागे व्हायचं, मग आतल्याने बूस्ट बंद करायचा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. ओल दिसली म्हणून नट अजून आवळू नका. फ्लेअरला (नळीच्या पसरवलेल्या टोकाला) चीर असेल तर आवळल्याने ती वाढते, आणि एल्बोला (वळणाच्या फिटिंगला) दुसऱ्या पान्याने धरलं नाही तर तो पंपाच्या शरीरात फिरून आटेच फोडतो. आणि इंधनाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा सुटून आत गेला तर कार्ब्युरेटरच्या सुईखाली जाऊन बसतो.

हातमोजे घाला. १००एलएलमध्ये शिसं आहे आणि ते त्वचेतून शरीरात जातं.

वाऱ्याची_दिशा

काँटिनेंटलवाल्यांसाठी थोडी भर, धाग्याचा विषय पंपगळती आहे म्हणून. आमच्या इंजेक्शनवाल्या इंजिनांवर पडद्याचा नाही, पात्यांचा फिरता पंप असतो. त्याच्या शाफ्टला दोन सील, एक पेट्रोल अडवतं, एक ऑइल, आणि मध्ये ड्रेन. वाचायची रीत तीच: ड्रेनमधून पेट्रोल आलं तर पंपाचं सील, ऑइल आलं तर इंजिनाकडचं. सीलमधून किती थेंब चालतात हे निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये बघायचं, ऐकीव आकड्यावर जायचं नाही. शाफ्टचा एक भाग मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. पंप अडकला तर तो तुटतो आणि इंजिनाचे गिअर वाचतात. म्हणून प्रेशर एकाएकी शून्यावर गेलं तर तिथे गळतीपेक्षा शाफ्टचा विचार आधी.

शेपटीचाक

चाचणी झाली. सकाळी, ऊन पडायच्या आधी, इंजिनिअर सोबत.

बूस्ट चालू केल्यावर पंपाचं शरीर, दोन भागांची फट, इनलेटचा एल्बो आणि नट, सगळं पांढरं आणि कोरडंच राहिलं. थोड्या वेळाने इनलेटच्या नळीवर जे विटकरी रंगाचं फायर स्लीव्ह असतं त्याच्या पंपाकडच्या टोकाला, क्लॅम्पच्या खालून, निळी बारीक रेघ उमटली. रेघ क्लॅम्पवरून नटावर आली, नटावरून पंपाच्या बुडाशी. म्हणजे परवा मी जिथे हात लावला होता तिथेच. बूस्ट बंद केला, रेघ पुढे सरकायची थांबली.

नळी काढून क्लॅम्प तोडला आणि स्लीव्ह मागे सारलं. आतली बाजू बोटभर लांबीपर्यंत पेट्रोलने भिजलेली. नळी फायरवॉलकडून येताना आधी वर जाते आणि मग उतरून पंपाला मिळते. त्या वळणात, जिथे नळी धातूच्या टोकात शिरते तिथे, जाळीखालचं रबर चिरलं होतं. हलकं वाकवलं की चिरेचं तोंड उघडायचं, सोडलं की मिटायचं. बाहेरून स्लीव्ह नव्यासारखं दिसत होतं.

नळीच्या टोकावरच्या पट्टीवरची तारीख वाचली. तिचं आयुष्य केव्हाच संपलेलं आहे. इंजिनिअरने आउटलेटची नळीही तपासली, ती त्याच वेळची. दोन्ही बदलतोय. पंप जागेवर राहतोय.

हँगरमधला

छान शोध. फायर स्लीव्ह आगीपासून वाचवतं, पण गळती झाकतं. माझी तपासायची रीत अशी: स्लीव्हची दोन्ही टोकं पांढऱ्या कापडाने पुसायची आणि नळी वळणापाशी हलक्या हाताने दाबून बघायची. रबर कडक लागलं की स्लीव्ह कितीही चांगलं दिसो, नळी उतरवायची. टेफ्लॉनच्या नळ्यांना मात्र वाकवून बघू नये. त्या ज्या आकारात बसल्या असतात त्यातून सरळ केल्या तर आतून दुमडतात.

प्रॉपवॉश

पंप बदलला असता तर ही नळी तशीच परत लागली असती. पटलं. एक विचारतो, नवीन नळ्या बसवल्यावर लगेच उड्डाण करायचं की आणखी काही तपासायचं?

पानाकारागीर

आधी हीच चाचणी परत, काउल उघडं ठेवून, इंजिन बंद, बूस्ट चालू. कोरडं असेल तर इंजिन सुरू करून गरम होऊ द्या, बूस्ट बंद करून काटा बघा, मग इंजिन बंद करा आणि लगेच काउल न लावता थोडं थांबा. इंजिन बंद झाल्यावर कप्प्यातली उष्णता नळ्यांत शिरते, पेट्रोल प्रसरण पावतं आणि चालू असताना गप्प बसलेली जोडणी तेव्हा ओली होते. ते झाल्यावर पहिलं उड्डाण धावपट्टीच्या जवळपास, बूस्ट बंद करायचा तो पुरेशा उंचीवर, आणि उतरल्यावर काउल परत उघडायचं.

नवी नळी एक्झॉस्टपासून किती अंतरावर आहे आणि कुठे घासत नाही ना तेही बघा. कामाची नोंद इंजिनिअरच्या सहीने लॉगबुकात, नळ्यांच्या तारखांसकट.

शिकाऊ_वैमानिक

शेवटचा प्रश्न, सर. वास फक्त कॉकपिटमध्ये येत असेल आणि काउलमध्ये सगळं कोरडं असेल तर?

पानाकारागीर

मग फायरवॉलच्या आतल्या बाजूला बघायचं. हाताने मारायचा प्रायमर हा पहिला संशयित, त्याच्या दांड्याच्या ओ-रिंग झिजल्या की पॅनेलमागे पेट्रोल पाझरतं. दुसरा फ्युएल सिलेक्टर, कुठल्या टाकीतलं पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी झडप. तिसरी जागा लोक विसरतात: जुन्या पायपरमध्ये प्रेशर गेजपर्यंत पेट्रोलच भरलेली बारीक नळी येते. तिच्या इंजिनाकडच्या टोकाला अरुंद छिद्राचं फिटिंग असतं, नळी तुटली तरी फार पेट्रोल आत येऊ नये म्हणून. गेज बदलताना किंवा नळी बदलताना ते फिटिंग परत बसवलंय का, हे तुमच्या इंजिनिअरला आवर्जून विचारा. आणि असा वास हवेत आला तर विजेचे स्विच खालीवर करत बसू नका, हीटर बंद, ताजी हवा आत घ्या आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा.

शेपटीचाक

प्रायमर आणि गेजची नळी दोन्ही आजच्या कामात जोडून घेतल्या. गेजच्या नळीचं अरुंद फिटिंग जागेवर आहे, इंजिनिअरने काढून दाखवलं. नवीन नळ्या बसल्या, बूस्टवर सगळं कोरडं. इंजिन चालवून, बंद करून, थांबून परत बघितलं, तेव्हाही कोरडं. बूस्ट बंद असताना काटा ३ पीएसआयच्या आसपास स्थिर आहे.